नव्या मुख्याध्यापकांसाठी: दुसरी तासिका वर्गातच

पदोन्नतीचा आदेश हातात पडला तेव्हा वाटलं होतं, आता शिकवण्यात मनासारखे बदल करता येतील. पहिले सहा महिने मी एकाही वर्गात पूर्ण तास बसलो नाही. सकाळी पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, पाचवीपर्यंत हजर मुलामागे 100 ग्रॅम, पुढे 150. मग यू-डायसच्या, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतल्या दुरुस्त्या, आधारशी न जुळणारी नावं, आणि अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर 'तात्काळ माहिती द्या'. जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेत लिपिक नाही.

एके दिवशी नेट बंद होतं म्हणून चौथीत मागच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारच्या मुलीनं 52 वजा 27 चं उत्तर 35 लिहिलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातून दोन वजा केले होते. पुढच्या तीन वह्यांतही 35च. बाई फळ्यावर हातचा अगदी बरोबर समजावत होत्या. तिथून ही वही दिसतच नाही. मधल्या सुट्टीत आम्ही दोघांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी स्वतः गठ्ठा सोडून वजाबाकी केली.

तेव्हापासून दुसरी तासिका मी वर्गात असतो. ती ऑफिसातल्या वेळापत्रकात माझ्या नावानं लिहिली आहे. सुरुवातीला लॉगबुक, म्हणजे तास पाहून शेरे लिहायची वही, सोबत नेऊ नका. ते दिसलं की शिक्षक तुमच्याकडे बघत शिकवतात. तास संपल्यावर एकच गोष्ट बोला, तीही मुलाच्या वहीवर बोट ठेवून.

कागदांसाठी एक वही करा: वर्गवार पट, प्रवर्गनिहाय मुलं-मुली, खोल्या, स्वच्छतागृहं, बँक खाती. 'तात्काळ' माहितीत बहुतेक वेळा हेच आकडे नव्या तक्त्यात मागतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांना नुसत्या सहीपुरतं बोलावू नका. आमच्याकडे दोन माता आळीपाळीनं आहाराची चव घेऊन नोंद करतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक लावायला मनाई करतं, पण माहिती भरणं अशा अशैक्षणिक कामांत कुणी धरत नाही. त्यामुळे वेळ आपणच राखायचा.

दुसऱ्या तासिकेत वरून फोन आला तर? मोबाइल कपाटात असतो. तास संपला की मीच फोन लावतो, "साहेब, वर्गावर होतो," म्हणतो आणि माहिती लगेच देतो.