कऱ्हाड दोनदा का दिसतं? गटवार बेरजा करताना या चुका टाळा

एक्सेलने एरर दाखवली की मला हायसं वाटतं. निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. धास्ती वाटते ती तक्ता नीटनेटका दिसतो तेव्हा. म्हणून सम-इफ्सने, म्हणजे अटींनुसार बेरीज करणाऱ्या फंक्शनने, गटवार तक्ता केला की आधी सगळ्या गटांची बेरीज मूळ रकान्याच्या बेरजेशी ताडून पाहा. फरक आला तर काही ओळी कुठल्याच गटात गेल्या नाहीत किंवा दोन गटांत मोजल्या गेल्या.

पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे एक्सेल स्वतःच गट पाडून देतं त्या तक्त्यात, मात्र हा ताळा फसतो. गेल्या वर्षी तालुकावार विक्रीत मला कऱ्हाड दोनदा दिसलं. एकूण बेरीज चोख, अक्षरं हुबेहूब तीच. शेवटी मोकळी जागा राहिली असेल म्हणून ती काढणारं ट्रिम लावलं. ढिम्म फरक नाही. मग अक्षरं मोजणारं लेन लावलं, तर एका ठिकाणी ६ आणि दुसऱ्या ठिकाणी ७! 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक. भरणाऱ्यांचे कीबोर्ड वेगळे, म्हणून गटही वेगळे. उपाय असा: नवा रकाना घ्या, मजकूर बदलणारं सबस्टिट्यूट वापरून 'र्' अधिक युनिचार ८२०५ (म्हणजे तोच न दिसणारा जोडक) या जोडीच्या जागी 'ऱ्' टाका आणि गट त्या रकान्यावर पाडा. वऱ्हाड, गोऱ्हे, सगळ्यांना हेच औषध. कुणी 'कराड' लिहिलं असेल तर मात्र फॉर्म्युला तरी काय करणार? भरतानाच ड्रॉपडाउन यादी द्यावी. वेबपेजवरून कॉपी केलेल्या नावांतली न तुटणारी स्पेसही ट्रिमने जात नाही. तिचा कोड १६०. तीही सबस्टिट्यूटनेच काढावी लागते.

दुसरी चूक थेट पैशांची. पिव्होटच्या कॅल्क्युलेटेड फील्डमध्ये, म्हणजे त्यातच सूत्र लिहून केलेल्या रकान्यात, 'नग गुणिले दर' लिहिलं की आपल्याला वाटतं, प्रत्येक ओळीचा गुणाकार होऊन मग बेरीज होईल. होतं उलटं. १० नग ५० रुपयांनी आणि २० नग ६० रुपयांनी विकले, तर खरी रक्कम १,७०० रुपये. पिव्होट आधी नग आणि दर वेगवेगळे मिळवतो, ३० आणि ११०, आणि दाखवतो ३,३००. रक्कम मूळ तक्त्यातच काढा. सरासरीचंही तसंच: शाखांच्या सरासरींची सरासरी ही कंपनीची सरासरी नव्हे.

तारखांचे गट पाडताना फक्त 'महिने' निवडले, तर मार्च २०२४ आणि मार्च २०२५ एकाच गटात जातात, 'वर्षे'ही निवडा. तिमाही घेतली तर पहिली तिमाही जानेवारी ते मार्च अशी येते. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, तेव्हा त्यासाठी वेगळा रकाना हवाच.

एकाच अटीवर बेरीज करणाऱ्या सम-इफमध्ये बेरजेची रेंज शेवटी, सम-इफ्समध्ये सुरुवातीला. रेंज लहानमोठ्या झाल्या तर सम-इफ्स एरर देतं, सम-इफ मात्र निमूटपणे आकडा देतं आणि तो चुकीचा असू शकतो. मी सम-इफ वापरणंच सोडलं.

१६ आकडी खाते क्रमांक टेक्स्ट म्हणून ठेवले, तरी अटीत बसणाऱ्या नोंदी मोजणारं काउंट-इफ त्यांना संख्या समजून पहिले १५ आकडेच पाहतं. शेवटचा आकडा वेगळा असलेली दोन खाती मग 'डुप्लिकेट' ठरतात. निकषाला शेवटी तारांकन (*) जोडा, म्हणजे ती टेक्स्ट म्हणून जुळवली जातात.

उपबेरजा असलेल्या रकान्यात साधं सम लावलं की आकडा दुप्पट होतो. सगळीकडे सबटोटल वापरा. ते मधल्या सबटोटल वगळतं. त्यात बेरजेसाठी दिलेला ९ क्रमांक हाताने लपवलेल्या ओळीही मोजतो, १०९ मोजत नाही. फिल्टरने गेलेल्या ओळी दोघेही सोडतात.