कोकणात राहायला येणाऱ्यांसाठी: मालकीच्या रानात जाण्यापूर्वी

घाटावरून किंवा मुंबईहून रत्नागिरी-सिंधुदुर्गात कायमचे राहायला येणाऱ्याला घरामागचा डोंगर आणि वरचा कातळसडा, म्हणजे खडकाळ पठार, सरकारीच वाटतो, कारण कोठे पाटी नसते की फाटक नसते. मीही घाटावरूनच येऊन येथला झालो आहे, म्हणून सर्वांत आधी हे सांगतो की या दोन जिल्ह्यांतील बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. ढासळलेला गडगा, म्हणजे दगड रचून केलेले कुंपण, आणि बेड्याच्या, म्हणजे कुंपणातून आत जाण्याच्या जागेच्या, आडव्या काठ्या एवढीच मालकीची खूण असते. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने लागवडीखाली नसलेल्या रानात कोणालाही पायी फिरता येते; आपल्याकडे असा सर्वसाधारण हक्क नाही.

मालकांना फिरणाऱ्यांचा राग असतो असे मात्र समजू नये. त्यांची पहिली भीती वणव्याची असते. दिवाळीनंतर सड्यावरचे गवत वाळू लागते, आणि पुढे पाऊस येईपर्यंत विझवायची राहिलेली एक विडी किंवा चूल वर्षानुवर्षे वाढवलेली आंबा-काजूची कलमे जाळून टाकू शकते. झालेले नुकसान भरून यायला पुन्हा तितकीच वर्षे लागतात, आणि आग लावणारा बहुधा सापडत नाही. म्हणून काजूच्या हंगामात अनोळखी माणसाला कोणी हटकले, तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

दुसरी भीती वहिवाटीची असून ती नवीन शेजाऱ्याबद्दल अधिक असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार शेजारच्या जमिनीसाठी एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरली गेली, तर तो हक्क कायम होतो; परवानगीने केलेल्या वापरातून तसा हक्क निर्माण होत नाही. आपण प्लॉट घेऊन राहत असाल, तर विचारून जाण्याने मालकाची जमीन सुरक्षित राहते, आणि बहुतेक मालक हे उत्तम जाणतात.

यामागे जुना अनुभवही आहे. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रातील खासगी वने शासनाकडे गेली. ज्यांची उरलेली जमीन बारा हेक्टरांहून कमी होती त्यांना त्या मर्यादेपर्यंत वन परत देण्याची तरतूद पुढे झाली, तरी सातबाऱ्यावरील नोंदींचे वाद कित्येक घरांत अद्याप चालू आहेत. सड्यावरील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आल्यानंतर पाहायला येणाऱ्यांचे कौतुक करणारा मालकही मनात विचारतो, की उद्या या जमिनीवर आणखी कोणते निर्बंध येतील? मला ही शंका रास्त वाटते.

परवानगी कोणाकडे मागावी, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील निम्मे चाकरमानी गणपती-शिमग्यालाच गावात येतात. जो प्रत्यक्ष रान राखतो त्याच्या घरी जावे, आपण कोण आणि कोठे राहतो हे सांगावे, आणि "काका, सड्यावर फिरायला गेलो तर चालेल का?" असे सरळ विचारावे. पाहुणे आणायचे असतील तर पुन्हा विचारावे, कारण मिळालेली परवानगी आपल्यापुरती असते. देवराईत जायचे असल्यास गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारून तेथील रीत पाळावी. पडलेली काटकीसुद्धा उचलू नये. आणि बेड्याच्या काठ्या काढून आत गेलात, तर त्या लगेच पुन्हा लावाव्यात, नाहीतर गुरे कलमांत शिरतात.