गिअरबॉक्स कूलरच्या जुन्या नळ्यांची गळती

स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल थंड होण्यासाठी रेडिएटरपर्यंत नेणाऱ्या पोलादी नळ्या जुन्या वाहनात बहुधा क्लिपांखाली गंजतात, किंवा रबरी होज (लवचीक नळी) जिथे धातूच्या कड्याने दाबून बसवलेला असतो तिथे पाझरू लागतात. तेल वाऱ्याने मागे ओघळत असल्याने थेंब पडतो तीच गळतीची जागा असे समजू नये. नळी पुसून कोरडी करावी, इंजिन चालू ठेवावे आणि ओल प्रथम कुठे उमटते ते पाहावे.

गंजलेला तुकडा कापून त्या जागी होज बसवता येतो, मात्र तो गिअरबॉक्सच्या तेलासाठी व त्याच्या तापमानासाठीच बनवलेला असावा आणि नळीच्या कापलेल्या टोकाला सभोवती उंचवटा तयार करून घ्यावा, कारण गुळगुळीत टोकावरून, क्लॅम्प कितीही आवळला तरी, दाबाखाली होज निसटू शकतो. गंज सर्वत्र पसरलेला असेल तर ठिगळ लावण्यापेक्षा पूर्ण नळी बदलणेच शहाणपणाचे. रेडिएटरकडील नट सोडवताना दुसऱ्या पान्याने जोडणी धरून ठेवावी, अन्यथा रेडिएटरचीच जोडणी पिळवटते. शेवटी निर्मात्याने सांगितलेलेच तेल, त्याने दिलेल्या पद्धतीने पातळी तपासून भरावे.