युरोपला निघालात? आधी तिकिटावरची तारीख परत वाचा

चौतीस वर्षं माझी बँकेच्या काउंटरवर गेली. त्यामुळे लोक न वाचताच सही करतात, याचं मला नवल राहिलेलं नाही. लेक जर्मनीत, म्हणून माझ्या चार वाऱ्या झाल्या. आता सकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला गेलं की कोणी ना कोणी गाठतंच. "काकू, आम्ही पण युरोपला चाललोय, काय काय घेऊ बरोबर?" तिकीट नीट वाचलं का, असं मी उलट विचारलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

रात्री बारानंतरचं विमान

मुंबईहून युरोपकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १६ मे, ०१:५० असं असेल तर तुम्ही १५ तारखेला रात्री दहाला विमानतळावर हवेत. ऐकायला सोपं आहे. पण आपल्या डोक्यातली तारीख काही रात्री बाराला बदलत नाही, सकाळी उठून दात घासले की बदलते. त्यात आपण दाते पंचांगाच्या गावचे. पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो, विमान कंपनीचा मध्यरात्री. या दोन हिशेबांच्या मध्ये माझे दीर आणि जाऊ सापडले.

त्यांच्या सहलीत दोन दिवस माझ्या लेकीकडे मुक्काम होता, म्हणून तिच्यासाठी शेंगा चटणीची पिशवी द्यायला मी संध्याकाळी गेले. पलंगावर दोन बॅगा उघड्या. जाऊबाई कडक भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळतायत, भाऊजी मार्करने बॅगेच्या पट्टीवर नाव घालतायत. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं आरक्षण, घरी रिक्षावाल्याला सांगून ठेवलेलं, सगळं कसं जागच्या जागी.

"विमान कितीचं, भाऊजी?"

"उद्या रात्रीचं, वहिनी. सोळा तारीख, पावणेदोन-दोन."

सहज तिकीट हातात घेतलं. ०१:५०. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात.

"भाऊजी, उद्या नाही. आज."

मार्कर तसाच हातात राहिला. पट्टीवर आडनावाची दोनच अक्षरं झाली होती.

मग एकच गलका. "गाडी करा, निघा, पोचाल!" अहो, मुंबई चारशे किलोमीटर, विमानतळावरचं काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतं, कुठून पोचणार? मी दोघांना खाली बसवलं आणि आधी विमान कंपनीला फोन लावायला लावला. तुमच्यावर कधी ही वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा. विमान सुटायच्या आत कळवलं तर बहुतेक तिकिटांवर दंड आणि भाड्यातला फरक भरून तारीख बदलून मिळते. न कळवता नुसतेच गेला नाहीत, तर पुष्कळदा परतीचं तिकीटही आपोआप रद्द होतं. यांना तीन दिवसांनंतरची जागा मिळाली. भुर्दंड किती बसला, ते जाऊबाई अजून कोणाला सांगत नाहीत.

तेव्हापासून कॅलेंडरवर मी विमानाची तारीख लिहीतच नाही. घरातून निघायचा दिवस तेवढा लाल पेनने, खाली "रात्री १० विमानतळ". आणि आपली गाडी एक रात्र आधीची. सकाळी दादरला उतरायचं, नातेवाइकांकडे आंघोळ-जेवण, दुपारी झोप, मग विमान. सकाळच्या वंदे भारतने जाऊन त्याच रात्री उडणारे लोक आहेत. एक दिवस वाचतो म्हणतात. वाचवा.

कागदपत्रांचं थोडक्यात

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांतून बाहेर पडल्यावर पुढे किमान तीन महिने चालणारा हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा. व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. लंडन या व्हिसात येत नाही. स्वित्झर्लंड येतं, पण तिथलं चलन फ्रँक. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे असेल तर तिकिटावरही तसंच घाला, घरी सगळे कोणत्या नावाने हाक मारतात ते नको.

"अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो, तिथली हॉटेलं दाखवू आणि मग रद्द करू" असं सांगणारे एजंट आहेत. ऐकणारेही आहेत. तिथे उतरल्यावर अधिकाऱ्याने कुठे राहणार असं विचारलं, तर एजंट शेजारी उभा नसतो.

पेढे घरीच ठेवा

युरोपियन महासंघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आपलं साजूक तूप, पेढे, पनीर सगळं त्यात आलं. "एवढ्याशा डब्याला कोण बघतंय" हे वाक्य मी ऐकलेलं आहे, आणि तो डबा कस्टमच्या टेबलावर राहिलेलाही बघितला आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, आठवडाभर टिकतात आणि तिकडच्या सूपमध्ये भाकरी चुरून खाण्यासारखं सुख नाही. लोणचं मात्र मोठ्या बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही आणि तेलकट लोणचं त्यांच्या लेखी पातळच. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातच ठेवायची.

विमानात शाकाहारी जेवण हवं म्हणून "हिंदू मील" निवडू नका! त्यात गोमांस नसतं एवढंच, कोंबडी-मटण असू शकतं. "एशियन व्हेजिटेरियन" निवडा, तेही निघायच्या दोन दिवस आधी.

दहा दिवसांत सात देश

माझी पहिली सहल अशीच होती, एका टूर कंपनीबरोबर. त्यातलं आज स्वच्छ काय आठवतं, तर हायवेवरची स्वच्छतागृहं. कुठे पन्नास सेंट, कुठे एक युरो, आणि सुट्ट्या नाण्यांसाठी आमची धावपळ. एकदा ड्रायव्हर पाऊण तास थांबला, तर आमच्यातले एकजण त्याच्यावर खेकसायला लागले, "किती चहा पितो हा, चला की!" तिथे साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाचं चालवणंही साधारण नऊ तासांपुरतं. गाडीतलं यंत्र सगळं नोंदवून ठेवतं. तो बिचारा शांतपणे सँडविच खात होता.

आता मी दहा दिवसांत दोन शहरं धरते, फार तर तीन. पॅरिसहून झुरिकला रेल्वेने चार तास लागतात, तेवढंच दमणं पुरे. ज्यांना नकाशावर टिकमार्क करायचे आहेत त्यांनी खुशाल करावेत.

वारही बघा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून.

जूनमध्ये पॅरिसला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. "अंधार पडला की जेवू" म्हणालात तर हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद होतील आणि कडक भाकरी काढावी लागेल.

दुकानात कार्डाच्या यंत्राने "रुपये की युरो" विचारलं तर युरो. रुपयांत त्यांचा भाव तुम्हाला महागात पडतो.

इटलीत पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड.

उतरल्या दिवशी दुपारी झोपू नका.

स्वेटर हातातल्या बॅगेत. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हातून निघताना तो बॅगेच्या तळाशी जातो, आणि स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयॉख हे बर्फाळ ठिकाण ३,४५४ मीटरवर आहे.

आणि नवे बूट घालून जाऊ नका. तिकडच्या जुन्या शहरांत सगळी दगडी फरसबंदी, दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं, टाचेला फोड आला की सहल हॉटेलच्या खिडकीतून बघायची. मी महिनाभर आधी तेच बूट घालून तलावाच्या फेऱ्या मारते. परवा एकजण माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "काय काकू, चप्पल कुठे गेली?" म्हटलं, पुढच्या महिन्यात निघायचंय.