पावसाळा सरताना: सोलापूरच्या हौशी सायकलस्वाराने सायकल जोडावी कशी, सराव आणि शर्यत करावी कशी

सोलापुरात सायकलस्वाराचे वर्ष परतीचा पाऊस थांबल्यावर सुरू होते आणि फाल्गुनातले ऊन तापले की संपते. सप्टेंबर हा आपल्याकडे पावसाचा भरवशाचा महिना असल्यामुळे त्या काळात रस्त्यावर फारसे काही साधत नाही, आणि म्हणूनच सायकल जोडण्याचे काम तेव्हाच उरकावे. खंडेनवमीच्या पूजेला सायकल उभी असावी, दिवाळीपर्यंत तिच्या खोडी कळाव्यात आणि डिसेंबरात पहिल्या शर्यतीला उतरावे, एवढा बेत नोकरी-धंदा सांभाळून कोणालाही झेपतो. माझा आग्रह एकच आहे: सायकलचे भाग दुकानातल्या चकाकीवरून निवडू नयेत, आपण ज्या रस्त्यांवर ती चालवणार त्या रस्त्यांवरून निवडावेत.

भागांची निवड

आपल्या भागात चढ थोडे, वारा पुष्कळ आणि काटे त्याहून जास्त. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरांच्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात; आतल्या रस्त्यांखालची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि डांबराला लांबच लांब भेगा पाडते; आणि पाऊस थांबून रान वाळू लागले की कडेचा सराटा आणि वेडी बाभूळ आपले काम सुरू करतात. अशा रस्त्यांवर २३ मिलिमीटरचे अरुंद टायर घेऊन मिरवण्यात अर्थ नाही. किमान २८ आणि शक्यतो ३२ मिलिमीटरचा टायर मोकळेपणाने बसेल अशीच फ्रेम घ्यावी. फ्रेम क्रोमोली पोलादाची की ॲल्युमिनियमची, हा वाद हौशी माणसाने फार ताणू नये. मात्र वापरलेली कार्बनची फ्रेम स्वस्त मिळाली तरी टाळावी, कारण पडझडीत आतून झालेली इजा वरून दिसत नाही. जुनी फ्रेम आणि नवी चाके जुळवणाऱ्याने मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, माप आधी घ्यावे: रिम ब्रेकच्या बहुतेक रोड सायकलींत ते १३० मिलिमीटर असते, तर आजच्या डिस्क ब्रेकच्या सायकलींत १४२, आणि ही चाके एकमेकींत बसत नाहीत.

गिअरबाबत पुढे पेडलच्या दांड्यांना जोडलेल्या ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चक्रांची क्रँक आणि मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, एवढे पुरे होते. आपल्या नेहमीच्या फेऱ्यांत खरा दम काढणारा चढ म्हणजे तुळजापूरचा घाट, आणि ३४ ला ३२ लावून पाय मिनिटाला ६० फेरे फिरले तरी सायकल ताशी ८ किलोमीटरने वर चढत राहते, तोल जात नाही. दुसऱ्या टोकाला, ५० ला ११ लावून ९० फेरे फिरवल्यास वेग ताशी ५२ किलोमीटरच्या पुढे जातो. तो सपाटीवर आपल्यापैकी किती जणांना किती मिनिटे टिकवता येतो, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे. याहून मोठा गिअर घेण्यात घातलेले पैसे चांगल्या टायरांत घालावेत.

जोडणी

ॲलन कीचा संच, स्पोकचा पाना, चेन तोडण्याचे हत्यार, बॉटम ब्रॅकेटचा पाना आणि किती जोराने आवळले ते दाखवणारा लहान टॉर्क पाना एवढी हत्यारे हाताशी हवीत. पुसायला जुना सोलापुरी टॉवेल फाडून घ्यावा; चिंध्यांसाठी याहून चांगले कापड मी पाहिलेले नाही.

घाई करू नये अशी जागा म्हणजे बॉटम ब्रॅकेट, फ्रेमच्या तळाची नळी आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी बसणारे कप, ज्यांत क्रँकचा अक्ष फिरतो. इंग्लिश मापाच्या ६८ मिलिमीटर रुंद नळीत उजव्या, म्हणजे चेनकडच्या कपाचे आटे उलटे असतात आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यावर घट्ट होतो. डावा कप नेहमीसारखा सुलटा बसतो. जुन्या इटालियन फ्रेमींत मात्र दोन्ही बाजू सुलट्या असतात, म्हणून माप खात्री करूनच पाना उचलावा. आधी फ्रेममधले आटे रॉकेल लावलेल्या कापडाने पुसावेत, आडव्या प्रकाशात त्यांत गंज किंवा रंगाचे थेंब नाहीत ना ते पाहावे आणि ग्रीसचा पातळ थर द्यावा. मग कप तोंडाशी सरळ धरून आधी सैल करण्याच्या दिशेने हळूच फिरवावा. आट्यांची तोंडे जुळली की बोटांना ‘टक्’ असा बारीक धक्का जाणवतो, आणि त्याच क्षणी दिशा बदलून घट्ट करायला लागावे. पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. ते जात नसतील तर पान्याचा जोर लावू नये, कप बाहेर काढून पुन्हा बसवावा, कारण एकदा आटे कापले गेले की सगळी फ्रेमच अडून बसते. पेडलचेही असेच: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि क्रँकमध्ये घालण्याआधी त्यांना ग्रीस लावले नाही तर वर्षभराने ते निघता निघत नाही.

चेनची लांबी ठरवताना ती मागच्या गिअर यंत्रणेतून न ओवता पुढच्या मोठ्या चक्रावरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून गुंडाळावी, जेमतेम जुळेल तिथून दोन कड्या जास्त धराव्यात आणि मग तोडावी. हँडलच्या स्टेमचे, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरवर थांबवावेत. हाताच्या अंदाजाने आवळणारा माणूस इथे हमखास जास्त आवळतो. नवीन केबल पहिल्या काही फेऱ्यांत बसतात आणि गिअर अडखळू लागतात, तेव्हा लिमिटचे स्क्रू, म्हणजे चेन दोन्ही टोकांना किती सरकावी ते ठरवणारे स्क्रू, छेडू नयेत. केबलच्या टोकाचा ॲडजस्टर अर्धा फेरा फिरवून काम भागते. चाक बांधायला मात्र पहिल्याच वर्षी बसू नये. रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात ज्याचा हात बसला आहे असा जुना मिस्त्री गावात अजून सापडतो. त्याच्याकडून काम करून घ्यावे आणि शेजारी बसून पाहावे.

सीटची उंची ठरवण्यासाठी भिंतीला टेकून सायकलवर बसावे आणि पेडल खालच्या टोकाला असताना त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर कलता कामा नये.

सराव

पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा ऑक्टोबरात फिरतो आणि पुढे पूर्वेकडून, ईशान्येकडून येऊ लागतो. म्हणून सकाळी ताज्या पायांनी वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे नळदुर्ग किंवा तुळजापूरकडे निघावे, आणि परतताना तोच वारा पाठीशी घ्यावा. सुरुवातीला हिप्परगा तलावापर्यंत जाऊन येणे पुरेसे आहे. त्यानंतर सुमारे ४० किलोमीटरवरचे अक्कलकोट किंवा भीमा-सीना संगमावरचे हत्तरसंग कुडल गाठावे. कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, त्यामुळे थांबण्याला निमित्तही सापडते. तुळजापूरची सुमारे ४५ किलोमीटरची वाट घाटासह शेवटी ठेवावी.

दिवस निवडताना पंचांग पाहावे. नवरात्रात आणि विशेषतः कोजागरीच्या आसपास तुळजापूरच्या रस्त्यावर रात्रंदिवस अनवाणी चालणाऱ्या भाविकांची गर्दी असते. त्या दिवसांत तो रस्ता त्यांचा आहे, आपण दुसरीकडे वळावे. कार्तिकीच्या आधी पंढरपूरच्या वाटेवर दिंड्या असतात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोहोळ-पंढरपूरच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात, अनेकदा मागे दिवाही नसताना चालतात आणि कांडी सांडत जातात. दिवाळीच्या सुमारास सूर्य सव्वासहानंतरच वर येतो, तेव्हा उजाडल्याशिवाय या बाजूला जाऊच नये, आणि सायकलला मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

पंक्चर होणारच. ते काढताना ट्यूब बदलून मोकळे होणारे अनेक जण पुढच्या पाच किलोमीटरात पुन्हा खाली बसतात, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधावे, ट्यूब व्हॉल्व्हच्या जागी टायरवर ठेवून भोकाची जागा टायरवर जुळवावी आणि तेवढा भाग आतून बाहेर उलटा करून पाहावा. सराट्याचे टोक मोडून रबरात रुतते आणि वरून दिसत नाही. आतून अंगठा हळूच फिरवला की खरखर लागते. ते नखाने निघत नाही, म्हणून सोबत लहान चिमटा ठेवावा.

ऑक्टोबरच्या उकाड्यात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते आणि त्यात मीठ, साखर, लिंबू असावे. दीड तासापेक्षा लांबच्या फेरीत भूक लागण्याची वाट न पाहता अर्ध्या-अर्ध्या तासाने केळे किंवा गूळ-शेंगदाण्याचा लहान लाडू खावा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरी परतल्यावर. तेल आणि तिखट पोटात घेऊन वाऱ्यावर जाणे सुखाचे नसते.

शर्यत

पहिल्या वर्षी ब्रेव्हेने, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचे अंतर पार करण्याच्या फेरीने, सुरुवात करावी असे मी सुचवेन. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांप्रमाणे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ३०० किलोमीटर २० तासांत पूर्ण करायचे असतात, क्रमांक काढले जात नाहीत. २०० साठी थांब्यांसह ताशी १५ किलोमीटरची सरासरी पुरते, म्हणजे खरी परीक्षा वेगाची नसून वेळ न दवडण्याची असते. चहाचा प्रत्येक थांबा दहा मिनिटांत आटोपावा.

सामूहिक शर्यतीत सपाट रस्ता सोपा वाटतो आणि तिथेच नवखा माणूस गळतो, कारण वारा बाजूने येत असताना तो पुढच्याच्या अगदी मागे बसून राहतो. उजवीकडून वारा असेल तर आसरा पुढच्या चाकाच्या मागे, पण थोडा डावीकडे मिळतो, आणि त्यामुळे गट पाखरांच्या रांगेसारखा रस्त्यावर तिरका पसरतो. रस्त्याची कड संपली की शेवटच्याला आसरा उरत नाही. म्हणून वाट वळण्याआधीच पुढच्या सहा-आठ जणांत जागा धरावी. दुसऱ्याच्या मागच्या चाकावर आपले पुढचे चाक कधीही बाजूने चढवू नये आणि गटात अचानक ब्रेक दाबू नये.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात सीट, बूट, टायर यांपैकी काहीही बदलू नये. चेन मात्र त्याआधीच मोजून ठेवावी: नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी ३०४.८ मिलिमीटर असते. ११ गिअरच्या कॅसेटवर ती ३०६.३ झाली की चेन बदलावी, ९ किंवा १० गिअरवर ३०७ पर्यंत चालू द्यावी. नवी चेन घातल्यावर शर्यतीपूर्वी तुळजापूरचा घाट एकदा चढून यावा, म्हणजे जोर लावल्यावर ती दात्यांवरून घसरते का, ते आधीच कळते. घसरली तर कॅसेटही झिजलेली आहे असे समजून दोन्ही एकत्र बदलावीत.