सह्याद्रीतल्या आमरी घरच्या बागेत

सीतेची वेणी, डेंड्रोबियम, एरिडीस यांपैकी काहीही लावायचं असेल, तर आधी माती डोक्यातून काढून टाका. या आमरी, म्हणजे ऑर्किड, दुसऱ्या झाडांच्या सालीवर वाढतात. त्या बांडगुळासारखा झाडाचा अन्नरस ओढत नाहीत, नुसता आधार घेतात. मुळं मातीत पुरलीत, तर ती कुजलीच म्हणून समजा.

ते मूळ एकदा जवळून बघा. कोरडं असताना रुपेरी पांढरं दिसतं. पाणी शिंपडलं की वरचं स्पंजासारखं अस्तर ते पिऊन घेतं आणि बघता बघता आतला हिरवा रंग वर उमटतो. मी पाण्याचं वेळापत्रक ठेवतच नाही, मुळं बघते. पांढरी असली की पाणी द्यायचं, हिरवी असली की हात आवरायचा. ओलं चकचकीत टोक दिसलं म्हणजे मूळ वाढतंय. त्याला बोटसुद्धा लावू नका.

लावायची वेळ पावसाच्या तोंडाशी. खोड खरखरीत सालीचं हवं. आंबा आणि फणस उत्तम. पेरू नको, त्याची साल सोलून पडते. सकाळचं ऊन येईल ती बाजू निवडा. रोप सालीला टेकवून सुती पट्टीने घट्ट बांधा. ते हलता कामा नये, नाहीतर नवी मुळं घासून तुटतात. मुळांनी साल धरेपर्यंत पट्टी आपोआप कुजून जाते. मोठं झाड नसेल, तर सालीसकट लाकडाचा ओंडका टांगा.

पावसाळ्यात काहीच करावं लागत नाही. खरी परीक्षा हिवाळ्यात. डेंड्रोबियम बार्बाट्युलमची पानं गळतात, नुसत्या उघड्या कांड्या उरतात आणि मेलं समजून लोक ते उपटून टाकतात. कृपा करून थांबा! पाणी कमी करा, खत बंद करा. हिवाळा सरता सरता त्याच उघड्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात. सीतेची वेणी मात्र सदाहरित. तिला उन्हाळ्यात रोज भल्या सकाळी पाणी लागतं आणि मे-जूनमध्ये ती फुलते. खत वाढीच्या दिवसांतच, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव हिश्शाने.

आता रोपं वाढवण्याचं. डेंड्रोबियमचा गड्डा मोठा झाला, की नवे कोंब फुटण्याच्या सुमारास तो फोडा. प्रत्येक तुकड्यात निदान तीन-चार कांड्या राहू द्या, एकेकटी कांडी वर्षानुवर्षं रडत बसते. सुरी आधी ज्योतीवर तापवून घ्या, कारण विषाणू पात्यावरून पसरतात. काप कोरडा होईपर्यंत पाणी नको. कधी कधी कांडीवरच पिल्लू, म्हणजे छोटं रोप, फुटतं. त्याची मुळं बोटभर लांब झाली, की ते अलगद काढून बांधा. सीतेच्या वेणीला कांड्या नसतात, एकच खोड असतं. बुडाशी पिल्लू आलंच, तर त्याला स्वतःची दोन-तीन मुळं येईपर्यंत धीर धरा.

बियांचा मार्ग अवघड. एका बोंडात धुळीसारखं असंख्य बी असतं, पण त्यात अन्नसाठा नसतो. ते रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते. 1922 साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीविनाच बी रुजवून दाखवलं. प्रयोगशाळेत बाटलीत रोपं वाढवतात ती याच वाटेने. घरी करायचं असेल, तर बोंड तडकल्यावर बी आईच्याच मुळांभोवतीच्या सालीवर भुरभुरा. ती बुरशी असलीच, तर तिथे असण्याची शक्यता जास्त.

रोप आणायचं ते दुसऱ्या बागेतल्या फोडीचं किंवा बाटलीतलं. जंगलातून एकही नको. राखीव वनातून रोप काढणं गुन्हा आहे. शिवाय जंगलातलं ते रोप बियाच्या कणापासून फुलापर्यंत पोचायला कित्येक वर्षं गेलेली असतात, आणि ओरबाडताना मुळं सालीवरच तुटून राहतात. असं रोप घरी आणलं तरी सहसा जगत नाही.