उंच कॅम्पर व्हॅन धुताना टपावर होणाऱ्या या चुका टाळा

कारच्या टपाला सहसा भोक नसतं, कॅम्परच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीच्या, टपाला डझनभर असतात. आमची व्हॅन फोर्स ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आहे. तिच्या टपाचा पत्रा पंख्यासाठी १४ इंच चौकोनी कापला आहे, सोलरच्या वायरी आत यायला वेगळं भोक आहे, पॅनलच्या ब्रॅकेटचे स्क्रू आणखी निराळे. यातल्या प्रत्येक ठिकाणी पावसाला बाहेर थोपवते ती फट बुजवणाऱ्या सीलंटची बोटभर पट्टी. तिला धक्का न लावता वरची धूळ काढता आली, तर टप नीट धुतला असं मी म्हणते.

प्रेशर गन पंख्यावर आणि पॅनलवर धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पहिल्या वर्षी गुहागरहून परतल्यावर आम्ही गाडी वॉशिंग सेंटरला दिली. पंख्याच्या चौकटीत तांबडी माती घट्ट बसली होती, म्हणून तिथल्या मुलाने शिडीवर चढून गनचा झोत जवळून नेमका तिथेच धरला. माती निघाली, टप लख्ख झाला. आठवड्याने आतलं वरचं कपाट उघडलं तर प्लायवूडची कड फुगलेली आणि कुबट वास.

असं का होतं? घरगुती प्रेशर वॉशरचा दाबसुद्धा १०० बारच्या आसपास असतो. तीन मजले वरच्या टाकीतून येणाऱ्या नळाला तो जेमतेम १ बार. शिवाय पाऊस वरून पडतो, त्यामुळे चौकटीच्या कडा वरून येणाऱ्या पाण्यासाठी केलेल्या असतात. गनचं पाणी आडवं किंवा खालून वर घुसतं. गाडीच्या बाजूच्या हवेच्या जाळ्या आणि बाहेरून वीज जोडायच्या सॉकेटचं झाकण यांनाही हेच लागू. टपावर गन नकोच. साधा पाइप आणि मऊ ब्रश पुरतो. बाहेर धुवायला दिलीत तर आधी स्वतः पंखा बंद करा, खिडक्या लावा आणि काम करणाऱ्याला सीलंटच्या जागा बोटाने दाखवा.

वर न बघता लांब दांडा उचलणं

टप साडेआठ-नऊ फुटांवर, त्याच्या वर लांब दांड्याचा ब्रश, आणि आपल्या गल्ल्यांमध्ये घरांकडे जाणाऱ्या विजेच्या वायरी. ब्रशचा दांडा बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो आणि हात ओले असतात. गाडी उभी करतानाच मान वर करा. डोक्यावर वायर दिसली तर गाडी दुसरीकडे न्या. दांडा फायबरचा असला तरी ओला झाल्यावर त्याच्यावर विसंबू नका.

शिडी गाडीला टेकवू नका. पत्र्याला पोचा पडतो आणि साबणाच्या पाण्यावर शिडीचे पाय सरकतात. रंगाऱ्यांकडे असतो तसा स्वतःच्या पायांवर उभा राहणारा घोडा घ्या, सपाट जागी मांडा, खाली एक माणूस धरायला हवाच. एका जागेवरून हाताला येईल तेवढंच घासा, मग उतरून घोडा पुढे सरकवा. कंटाळवाणं आहे, पण वाकून ‘एवढंच राहिलंय’ म्हणत पुढे जाण्यातच माणसं पडतात. टपावर चढून चालणं तर नकोच. पातळ पत्रा पायाखाली लवतो आणि जवळचं सीलंट चिरतं.

कोरड्या मातीवर थेट ब्रश फिरवणं

जांभ्याची धूळ बारीक असते, पण तिच्यात खरखरीत कण असतात. ती ओली न करता घासली की रंगावर ओरखडे उठतात आणि ते उन्हात स्पष्ट दिसतात. म्हणून टपावरून उतरणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत नुसतं पाणी सोडा, मग शाम्पू लावा. वरून घाण उतरण्याआधी गाडीच्या बाजूच्या भिंतीही भिजवून ठेवा. भिंत कोरडी असली तर तांबडे ओघळ तिथेच वाळतात आणि काम दुप्पट होतं. क्रम असा ठेवा: भिंती भिजवा, टप धुवा, मग भिंती वरून खाली धुवा, चाकं शेवटी.

आंब्याखाली गाडी उभी केली असेल तर टप चिकट झालेला असतो. तो आंब्यावरच्या तुडतुडे या किडीचा चिकटा. नखाने किंवा काथ्याने खरवडू नका. कोमट शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं त्यावर पसरून ठेवा, सुटतो.

हाताला लागेल ते वापरणं

भांड्यांच्या लिक्विडने रंगावरचं वॅक्स निघून जातं. डांबराचे डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर घेतलात तर कॅम्परच्या ॲक्रिलिक (प्लास्टिकच्या) खिडक्यांवर केसासारख्या चिरा पडतात आणि त्या जात नाहीत. खिडक्यांना सौम्य साबण आणि भरपूर पाणीच बरं. सोलर पॅनल भर दुपारी गार पाण्याने धुऊ नका, तापलेल्या काचेला ते सोसत नाही. बोअरचं पाणी असेल तर पॅनल लगेच मायक्रोफायबरने पुसा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात आणि तेवढा प्रकाश अडतो.

समुद्रावरून आल्यावर टपाइतकंच लक्ष खालच्या बाजूला द्या. गोड्या पाण्याने खार उतरवा, दरवाज्यांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा. गाडीखाली डिझेल मारून देतो, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्याने गाडीखालच्या सांध्यांतले रबरी बुश खराब होतात. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडायचं कापडी छप्पर, ओली गुंडाळलीत तर पावसाळ्यात लवकरच बुरशी धरते.

धुतल्यावर आत ओल आली तर

डाग दिसला त्याच्या बरोबर वर भोक असेल असं धरून चालू नका. पाणी टपाच्या आतल्या पट्ट्यांवरून वाहत दोन-तीन फूट लांब जाऊन टपकतं. आमचा डाग कपाटात होता, गळती पंख्यापाशी. आधी गाडी दोन दिवस पूर्ण वाळू द्या. मग एक जण आत टॉर्च घेऊन बसेल आणि दुसरा साध्या पाइपने एका वेळी एकाच जागी पाच मिनिटं पाणी सोडेल. सुरुवात खालच्या खिडकीपासून करा, मग वर सरका. उलट केलंत तर वरचं पाणी सगळीकडून ओघळेल आणि जागा कळणार नाही.

जागा सापडली की जुन्या सीलंटवर सिलिकॉनचा आणखी एक थर फासायचा मोह होतो. पाणी त्या थराखालून जातच राहतं आणि सिलिकॉनवर पुढे दुसरं काही चिकटत नाही. जुनं सगळं प्लास्टिकच्या पातीने खरवडून काढा, पत्रा कोरडा होऊ द्या, मग पॉलियुरेथेनचं सीलंट भरा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत गाडी छपराखाली ठेवा.